एक्झुमा बेटं : स्नॉर्कलिंग आणि मासेमारीचा एक दिवस कसा आखावा?

दर्यावर्दी

बहामाजच्या एक्झुमा बेटांवर स्वतः बोट चालवत फिरण्याबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते. उत्तरं विखुरलेली आहेत, म्हणून वेगळा धागा. आठवड्याच्या सहलीचा बेत नको, फक्त एका दिवसाचं बोलू : सकाळी नांगर उचलल्यापासून संध्याकाळी परत टाकेपर्यंत. उदाहरणासाठी स्टॅनिएल के ('के' म्हणजे छोटं बेट) ते ब्लॅक पॉइंट हा टापू घेतो.

आधी भूगोल, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. बेटांची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे पसरली आहे. पश्चिमेला ग्रेट बहामा बँक, म्हणजे तीन ते सहा मीटर खोलीचं उथळ पाणी आणि तळाला पांढरी वाळू. पूर्वेला एक्झुमा साउंड, तिथे किनाऱ्यापासून मैलभरातच तळ तुटतो आणि खोली हजार मीटरच्या पलीकडे जाते. दोन बेटांमधल्या फटीला 'कट' म्हणतात. बँकेवरचं पाणी दिवसातून दोनदा आत आणि दोनदा बाहेर जातं ते याच फटींमधून. पाण्याची चढउतार मीटरभराच्या आतच असते, पण फट अरुंद, त्यामुळे कटमध्ये २ ते ४ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) प्रवाह सहज मिळतो.

वारा बहुतेक दिवस पूर्व-आग्नेयेचा. सुकतीला (ओहोटीला) पाणी कटमधून पूर्वेकडे, वाऱ्याच्या तोंडावर जातं आणि तिथे उभ्या, आखूड लाटा उठतात. १८–२० नॉट वारा आणि जोरात सुकती असेल तर कटच्या तोंडाशी पाणी फुटतं. अशा वेळी बोट आत-बाहेर करू नये. भरतीला प्रवाह आणि वारा एकाच दिशेने असतात, तोच कट सपाट वाटतो.

म्हणून माझं म्हणणं असं : 'सकाळी मासे, दुपारी स्नॉर्कल' असा ठरलेला क्रम घेऊन जाऊ नका. क्रम त्या दिवशीच्या पाण्याने ठरवू द्या. पाणी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकतं, त्यामुळे आज जमलेला क्रम आठवडाभराने उलटा पडतो.

दोन नमुने देतो.

पहिला : सुकतीचा तळ सकाळी साडेसहाला. स्टॅनिएल केजवळच्या बिग मेजर्स नांगरतळावरून निघा, पाणी थांबलेलं असताना बिग रॉक कटने बाहेर पडा. सूर्य समोर असतो, तळ दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी डिंगीने (सोबतच्या छोट्या बोटीने) जाऊन मार्ग पाहून ठेवा आणि प्लॉटरवर (बोटीवरच्या जीपीएस नकाशावर) नोंदवा. बाहेर तुटत्या तळाच्या कडेने दक्षिणेकडे गळ ओढत जा. साडेनऊ-दहाला डॉथम कटने आत या : भरती आत घेते, वारा मागून, सूर्यही पाठीमागे. साडेदहा-अकराला ब्लॅक पॉइंटला नांगर. साडेबाराच्या सुमारास भरती पूर्ण होते, तेव्हा प्रवाळाकडे डिंगी न्या.

दुसरा : सुकतीचा तळ बाराला. सकाळी सुकती चालू, म्हणून वारा १२ नॉटच्या वर असेल तर बाहेर जाऊ नका. सव्वाअकरा ते साडेबारा थंडरबॉल ग्रोटो ही समुद्रातली गुहा उरकून घ्या. पाऊणला, नवी भरती हलू लागायच्या आत, बाहेर पडा. पण तीनच्या आत परत कटमध्ये या. त्यानंतर पश्चिमेला तोंड करून येताना सूर्य डोळ्यांवर येतो, पाण्याची चकाकी सोडून काही दिसत नाही आणि खडक अचानक समोर येतो.

वसईचा_वारा

उत्तम सुरुवात. एक भर. आपल्याकडे कोळी पाणी पाहताना उधाण आणि भांग आधी विचारतात, तेच इथेही करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण : प्रवाह सर्वांत जोराचा आणि पाणी थांबण्याचा अवधी तुटपुंजा, कधी जेमतेम पंधरा मिनिटं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी : प्रवाह मंद, अवधी मोठा. नवशिक्यांनी सहलीच्या तारखाच भांगावर बेतल्या तर निम्मे प्रश्न संपतात.

दुसरं, तक्त्यातली वेळ बहुधा नासाऊची असते. तिथला सुकतीचा तळ आणि तुमच्या कटमध्ये पाणी थांबण्याची वेळ एकच नसते. बँकेच्या बाजूला पाणी उशिरा वळतं, कारण एवढं मोठं पसरट पाणी रिकामं व्हायला वेळ लागतो. तक्त्यातल्या वेळेच्या अर्धा तास आधी कटजवळ पोहोचा आणि एखाद्या बोयाभोवतीचं पाणी पाहा. बोया कलायचा थांबला की पाणी थांबलं.

एडिसनकर

दर्यावर्दी, वसईचा वारा, आभार. आम्ही सहा जण, ४० फुटी कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट), दोघांना पोहता येत नाही. तीन प्रश्न : १) मासेमारीचा परवाना वेगळा लागतो का? २) माशावर भाला सोडायची बंदूक (स्पिअरगन) नेता येईल का? ३) पोहता न येणाऱ्यांना ग्रोटोत नेता येईल का?

टँपाकर

पहिल्या दोनची उत्तरं देतो.

परदेशी बोटीला किंवा पाहुण्यांना मासेमारीचा परवाना लागतोच. भाड्याच्या बोटीवर तो कंपनीने काढलेला असू शकतो, पण हाती कागद घेऊन तारीख आणि बोटीचं नाव तपासा. शुल्क आणि अटी बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ताजे नियम वाचा.

बंदूक नाही. घोडा असलेली स्पिअरगन बहामाजमध्ये बेकायदा आहे. चालते ती हवाईयन स्लिंग किंवा पोल स्पिअर, म्हणजे रबराच्या ताणावर हाताने सोडायचा भाला, आणि तोही फक्त श्वास रोखून बुडी मारून. पाहुण्यांनी टाकी लावून किंवा काँप्रेसरच्या हवेवर शिकार करायची नाही. या बेटांच्या किनाऱ्यापासून २०० यार्डांच्या आत भाला चालवायचा नाही. शेवंड १ एप्रिल ते ३१ जुलै बंद. बाकी काळात शेपटी किमान साडेपाच इंच हवी आणि अंडी असलेली मादी सोडून द्यायची. नासाऊ ग्रूपर, आपल्या हेकरूचा भाऊबंद, १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी पूर्ण बंद, कारण त्या महिन्यांत पौर्णिमेला ते अंडी घालायला एका जागी जमतात आणि तिथे जाळं किंवा गळ पडला तर अख्खी वस्ती संपते. शार्क २०११ पासून संरक्षित. चुकून लागला तर दोर तोंडाजवळ कापा, बोटीवर घेऊ नका.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एक्झुमा केज लँड अँड सी पार्क. १९५८ साली स्थापन झालेलं, उत्तरेला वॅक्स के कटपासून दक्षिणेला कॉंच कटपर्यंत, सुमारे २२ मैल लांब. १९८६ पासून आत काहीही पकडायला बंदी आहे : मासा नाही, शंख नाही, रिकामा शिंपलाही उचलायचा नाही. हद्द बेटांच्या दोन्ही बाजूंना काही मैल पाण्यात जाते, त्यामुळे साउंडच्या बाजूने जातानाही गळ आत ओढून घ्या. स्टॅनिएल के पार्कच्या दक्षिणेला आहे, म्हणून दर्यावर्दींनी घेतलेला टापू योग्य. ही बंदी मनापासून पाळा. आत वाढलेले शेवंड आणि ग्रूपर बाहेर येतात, म्हणून तर बाहेरच्या पाण्यात काही मिळतं.

निळी_लाट

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे.

थंडरबॉल ग्रोटो ही पोकळ टेकडी आहे, छताला भोकं आहेत, तिथून ऊन आत पडतं. १९६५ च्या बाँडपटामुळे ती प्रसिद्ध झाली. सुकतीच्या तळाला पश्चिमेकडच्या तोंडातून डोकं पाण्यावर ठेवून आत जाता येतं. भरतीला ते तोंड बुडतं, बुडी मारून जावं लागतं. पोहता न येणाऱ्याला न्यायचं तर फक्त सुकतीचा तळ, फक्त पाणी थांबलेलं असताना, अंगात फुगवलेलं जॅकेट आणि शेजारी एक जण हाताला धरून. प्रवाह सुरू झाला की आतून बाहेर ओढ लागते आणि पलीकडच्या बाजूला डिंगी नसते. आत वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. डिंगी बोयाला बांधा, प्रवाळावर नांगर टाकू नका.

पण ग्रोटोच्या नावामागे बाहेरचं प्रवाळ विसरू नका. तिथे उलटा नियम लागतो. सुकतीला बँकेवरचं गढूळ, वाळूचे कण असलेलं पाणी बाहेर येतं, तर भरतीला साउंडचं स्वच्छ निळं पाणी आत येतं. त्यामुळे भरतीचा शेवटचा तास आणि पाणी थांबल्यानंतरची काही मिनिटं यांत दृश्यता सर्वांत चांगली. दर्यावर्दींच्या पहिल्या नमुन्यात साडेबाराची वेळ म्हणूनच बरोबर आहे.

कटजवळ पोहायची रीत : प्रवाहाच्या वरच्या अंगाला उतरा आणि वाहत खाली या. डिंगी नांगरून ठेवायची नाही, तिच्या दोराचं टोक एकाने हातात धरायचं आणि तीही सोबत वाहत येऊ द्यायची. एक जण डिंगीत बसलेला, इंजिन बंद, किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला. माणसं चढत असताना इंजिन चालू नको, न्यूट्रलमध्येसुद्धा नको. प्रवाहाविरुद्ध पोहायची वेळ आली तर बेत चुकला आहे असं समजा. दीड नॉटच्या पुढे सरावाचा माणूसही पंखांसकट फार वेळ टिकत नाही.

मुखवट्याबद्दल. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने हलका श्वास आत घ्या, हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखाली पाणी शिरतंच. तिथला दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा साफ करा किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर खराब होतं. नव्या मुखवट्याच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून चार-पाच वेळा घासून काढा, नाहीतर धुकं धरणारच. नंतर रोज पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा थेंब फिरवून एकदा खंगाळा. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरची भिंगं असलेले मुखवटे मिळतात, ते घरूनच न्या. चेहरा पूर्ण झाकणारे मुखवटे नवख्यांना सोपे वाटतात, पण आत पाणी शिरलं तर ते पटकन काढता येत नाहीत आणि हलक्या दर्जाच्यांत उच्छ्वासाची हवाच परत आत येते. मी तरी कोणाला देणार नाही.

हिवाळ्यात पाणी २३–२४ अंश असतं. तासाभराने कुडकुडायला होतं, २–३ मिलिमीटरचा सूट हवाच. उन्हासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा लायक्रा बरा. पाठ आणि पोटऱ्या हमखास भाजतात आणि क्रीम धुऊन प्रवाळावरच जातं.

गळ_आणि_दोर

मासेमारीचं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण दुकानातून चुकीचं सामान घेऊन येतात.

काय मिळतं : माही-माही, वाहू (सुरमईच्याच कुळातला), पिवळ्या पंखाचा आणि काळ्या पंखाचा ट्यूना. माही-माही वसंतात जास्त, वाहू थंडीत. कुठे : ६० मीटर ते ३०० मीटर खोलीच्या रेषांमध्ये नागमोडी. तरंगतं पिवळं सरगॅसम शेवाळ, लाकडाचा ओंडका किंवा घिरट्या घालणारे पक्षी दिसले की त्यांच्या कडेने जा, मधून नको, नाहीतर गळाला शेवाळच लागेल. दर दहा मिनिटांनी दोर ओढून शेवाळ काढा. शेवाळ लागलेल्या आमिषाला मासा तोंड लावत नाही.

वेग ६ ते ७ नॉट. कॅटमरानला हा वेग सहज मिळतो.

सर्वांत साधी मांडणी म्हणजे हातदोर. ९० किलो ताकदीचा मोनो (एकसलग नायलॉनचा) दोर ४० मीटर, मागच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधलेला, मध्ये मीटरभर जाड रबरी बंजी. माशाचा पहिला झटका बंजी घेते. ती नसेल तर गळ माशाचं तोंड फाडून निसटतो. दोर आणि लीडरच्या (आमिषाजवळच्या शेवटच्या तुकड्याच्या) मध्ये बॉल-बेअरिंगची फिरकी, नाहीतर आमिष फिरून दोराला पीळ पडतो. लीडर दोन मीटर. आमिष : लाकडी सीडर प्लग, किंवा १५–१८ सेंटिमीटरचा झालरीचा ल्युअर (बनावट आमिष), निळा-पांढरा किंवा गुलाबी. गळ ७/० किंवा ८/०, एकच, तिहेरी नको. तिहेरी गळ डेकवर तडफडणाऱ्या माशासोबत माणसाच्या पायात जातो.

रॉड वापरायचा असेल तर ५० पाउंडी दोर आणि ड्रॅग (रिळाचा रोध) त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सात-साडेसात किलो. हाताच्या अंदाजाने नको, लटकवायच्या वजनकाट्याने मोजा.

मासा लागल्यावर : पुढचं शीड गुंडाळा, वाऱ्याकडे वळा, वेग दोन नॉटवर आणा. पूर्ण थांबू नका, दोर ढिला पडला की गळ सुटतो. दुसरा दोर आत घ्या, नाहीतर गुंता. हातमोजे सक्तीचे, आणि दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. गॅफ (दांड्याचा आकडा) डोक्यामागे मारा. ओला टॉवेल डोळ्यांवर टाका, कल्ल्यांत स्वस्तातली रम पेल्याभर ओता, मासा काही सेकंदांत शांत होतो. मग कल्ल्यांच्या कमानी कापून शेपटी वर करून बादलीत दहा मिनिटं रक्त जाऊ द्या. लगेच आतडी काढून दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी अशा मिश्रणात ठेवा. हे न केल्यास ट्यूना आणि माही-माहीत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, धडधड होते.

आठ किलोच्या माही-माहीतून साधारण अर्धं खाण्याजोगं मांस निघतं. सहा जणांना दोन जेवणं होतात. मग गळ आत घ्या. बोटीवरचा फ्रिज लहान असतो, आणि नियमातली कमाल मर्यादा गाठायलाच हवी असं काही नाही.

लागलेला मासा शार्कने अर्धा नेला तर तिथे पुन्हा गळ टाकू नका. दोन-तीन मैल पुढे जा.

वसईचा_वारा

लीडर कसला, ते राहिलं. वाहूसाठी स्टीलची तार हवी, नाहीतर त्याचे दात मोनो कात्रीसारखा कापतात.

गळ_आणि_दोर

वसईचा वारा, अंशतः सहमत. तार दिसते, त्यामुळे ट्यूना बिचकतो. दोन दोर असतील तर एकाला ६०–९० सेंटिमीटर तार, दुसऱ्याला ६०–७० किलोचा मोनो. एकच दोर असेल तर मी मोनो ठेवेन आणि ल्युअर जाण्याची तयारी ठेवेन.

निळी_लाट

भाल्याबद्दल सुरक्षिततेचं. टोचलेला मासा कमरेला लटकवू नका, लगेच पाण्याबाहेर धरून डिंगीत टाका. माशाच्या तडफडीने शार्क येतो. तो आला तर मासा सोडून द्या आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. बुडी मारताना एक खाली, एक वर पाहत. बुडीआधी जोरजोरात श्वास घेऊ नका. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची जाणीव उशिरा होते आणि वर येताना माणूस बेशुद्ध पडतो, तेही दोन-तीन मीटर पाण्यात.

पार्कबाहेर लायनफिश दिसला तर जरूर मारा. तो इथला नाही, हिंद-प्रशांत महासागरातून आलेला आहे, बहामाजमध्ये २००४ मध्ये दिसू लागला आणि प्रवाळावरची पिल्लं फस्त करतो. काटे विषारी आहेत. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. विष उष्णतेने निष्प्रभ होतं. पाण्याची उष्णता आधी न दुखणाऱ्या हाताने तपासा.

टँपाकर

सिग्वाटेरा या माशांतून होणाऱ्या विषबाधेबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे. प्रवाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळातलं विष लहान मासे खातात, त्यांना मोठे खातात, आणि मोठ्यांत ते साठत जातं. मासा ताजा, वास चांगला, चव चांगली. शिजवून, तळून, गोठवून काहीही फरक पडत नाही. माशी बसते का, मांजर खातं का, चांदीचं नाणं काळं पडतं का या सगळ्या चाचण्या खोट्या आहेत.

म्हणून बराकुडा खायचा नाही, लहान असला तरी. मोठा ग्रूपर, अँबरजॅक आणि मोठा स्नॅपर (आपल्या तांबोशीसारखा दिसतो, म्हणून मोह होतो) सोडून द्या. खोल पाण्यातले माही-माही, वाहू, ट्यूना या बाबतीत निर्धास्त. लक्षणं बहुधा काही तासांत ते दिवसभरात दिसतात : उलटी, जुलाब, ओठांना आणि बोटांना मुंग्या, आणि गार वस्तू भाजल्यासारखी लागणं. त्यानंतर काही महिने मासे आणि दारू टाळा, त्रास उलटतो. अशी लक्षणं दिसली तर व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) मदत मागा. स्टॅनिएल केला दवाखाना आणि विमानतळ दोन्ही आहेत.

एडिसनकर

सगळं नोंदवून घेतलं. शेवटचा प्रश्न. आम्ही जानेवारीत जाणार. ब्लॅक पॉइंटला रात्र निर्धोक आहे का? आणि नांगर धरला की नाही हे खात्रीने कसं कळतं?

दर्यावर्दी

एडिसनकर, ब्लॅक पॉइंट पूर्वेच्या वाऱ्याला उत्तम, पश्चिमेला उघडं. जानेवारीत उत्तरेकडून थंड हवेचे पट्टे येतात. वारा आधी दक्षिणेला, मग नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य असा घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि जोर धरतो. बँकेच्या बाजूचे बहुतेक नांगरतळ तेव्हा किनाऱ्यावर ढकलणारे होतात. वारा दक्षिणेला वळलेला दिसला की मासेमारी-स्नॉर्कल रद्द, आडोशाची जागा गाठा. आडोशाच्या जागा मोजक्याच आहेत आणि लवकर भरतात, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच जा.

नांगर टाकताना सूर्य वर असू द्या. पांढरट-पोपटी म्हणजे वाळू, गडद हिरवा-काळा म्हणजे गवत, तपकिरी म्हणजे प्रवाळ किंवा खडक. नांगर वाळूच्या पांढऱ्या पट्ट्यात पडला पाहिजे. गवतावर तो नुसता सरकतो. साखळी मोजताना भरतीच्या वेळची खोली आणि पाण्यापासून डेकची उंची यांची बेरीज घ्या, तिच्या पाचपट सोडा, रात्री वाऱ्याचा अंदाज असेल तर सातपट. तीन मीटर पाणी आणि दीड मीटर डेक म्हणजे साडेचार, साडेबावीस मीटर साखळी. मग दोन्ही इंजिनं मागे हळूहळू १८०० फेऱ्यांपर्यंत न्या आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत राहतात का पाहा.

आणि मुखवटा लावून खाली बघा. इथल्या स्वच्छ पाण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. नांगराचं टोक पूर्ण गाडलेलं हवं, दांडा आडवा, साखळी प्रवाळाला वेढा न घालता वाळूवर. अर्धवट गाडलेला दिसला तर उचलून पुन्हा टाका, ताण देऊन बसेल अशी आशा करू नका.

कोकमसार

स्वयंपाकाचं थोडं. माही-माही घट्ट मांसाचा आहे. दोन सेंटिमीटरचे तुकडे, मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ दहा मिनिटं, वर रवा, दर बाजूला तीन मिनिटं. जास्त ठेवलात तर चिवट होतो. ट्यूना त्याहून कमी.

साफसफाई आत, नांगरतळावर करू नका. डोकी-आतडी टाकली की नर्स शार्क आणि बुल शार्क बोटीखाली येऊन थांबायला शिकतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच कोणाची तरी मुलं शिडीवरून पाण्यात उतरतात. मासा साउंडच्या बाजूला, बोट चालू असतानाच कापा, उरलेलं तिथेच सोडा आणि डेक खाऱ्या पाण्याने लगेच धुवा. रक्त वाळलं की जेलकोटवरचा डाग निघायला ब्लीच लागतं.